मॅडम, कोणाच्या नावावर?

ठाण्याच्या दहा नंबरवर सकाळची पनवेल गाडी लागते तेव्हा लेडीज डब्यात अजून जागेची मारामारी नसते. तरी माझी बॅग बघून बायका पाय आखडून घेतात. उभी धरली तर ती माझ्या खांद्यापर्यंत येते, आडवी टाकली तर तिघींची वाट अडते. पहिल्यांदा नेली त्या दिवशी समोरच्या आजींनी मोठ्या मायेनं विचारलं, "तंबोरा का गं?" मी नाही म्हणेपर्यंत मटारची गोणी सांभाळत बसलेल्या बाईंनी निकाल देऊन टाकला, "तंबोरा असा खडखडत नाय." मग चेन उघडून एक काठी दाखवावी लागली. एकीनं हॉकी म्हटलं. गोल्फ असं सांगितल्यावर मात्र ऐरोली येईपर्यंत कोणी काही बोललं नाही. ऐरोलीला आजी उतरायला उठल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "मिस्टर मोठ्या हुद्द्यावर असतील."

हुद्दा आहे तो माझा, आणि फार मोठाही नाही. मी मुलुंड पूर्वेला राहते, एका बँकेत नोकरी करते आणि गेली काही वर्षं जमेल तेव्हा गोल्फ खेळते. वाईट खेळते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणाचा गैरसमज नको. पण आजींचा तो प्रश्न मला पुढे बऱ्याच जणांनी विचारला. त्यांच्याइतक्या मायेनं नाही.

आमच्या घरात खेळ म्हणजे शाळेतला खो-खो, सोसायटीच्या गच्चीवरचं बॅडमिंटन आणि उन्हाळ्यात मुलुंडच्या कालिदासच्या तलावात पोहणं. गोल्फ हा शब्द घरात दोनच कारणांनी यायचा. नाशिकला मावशीकडे गेलं की संध्याकाळी 'गोल्फ क्लबवर' फिरायला जायचं. त्या मैदानाचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे क्रिकेट चालतं, सभा होतात, लोक फेऱ्या मारतात, पण नाशिककरांच्या तोंडी अजून गोल्फ क्लबच. आणि दुसरं म्हणजे पुण्यात येरवड्याचा गोल्फ क्लब चौक, जिथे काकांची स्कूटर हमखास सिग्नलला अडकायची. कुंपणापलीकडे काय चालतं हे पाहावं असं आम्हा कोणालाच वाटलं नाही. आतली हिरवळ दिसायची, माणसं दिसायची नाहीत.

शिकले बेंगळुरूला, बदलीच्या तीन वर्षांत. ऑफिसच्या वाटेवर एक ड्रायव्हिंग रेंज होती. बादलीभर बॉलचे पैसे द्यायचे, भाड्यानं एक काठी घ्यायची आणि जाळीच्या दिशेनं मारत सुटायचं. कोणी ओळख विचारली नाही. पहिले पंधरा दिवस बॉल जागेवरच राहायचा आणि चटईचा तुकडा उडायचा. मग एका संध्याकाळी सात नंबरचं आयर्न बॉलच्या नेमक्या मधोमध बसलं. तो आवाज मी अजून कोणाला नीट समजावून सांगू शकलेले नाही. हापूसच्या पेटीवरची दोरी कापताना कात्री एका दमात गेली की जसं वाटतं, काहीसं तसं. बॉल शंभर-सव्वाशे यार्ड गेला असेल. त्या दिवसापासून मी कामातून गेले.

गोल्फर अदिती अशोकची गोष्ट मला तिथेच कळली. ती पाच वर्षांची असताना तिचं कुटुंब एका हॉटेलात नाश्त्याला बसलं होतं आणि समोर कर्नाटक गोल्फ असोसिएशनची रेंज दिसत होती. आईवडिलांपैकी कोणीही तोवर खेळलेलं नव्हतं. आत जाऊन बघता येईल का म्हणून विचारलं, तर येत होतं. बस, एवढंच. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिची बॅग वडिलांनी उचलली, टोकियोत आईनं. ७ ऑगस्ट २०२१ च्या त्या शनिवारी पहाटेपासून अर्धा महाराष्ट्र टीव्हीसमोर बसून एकमेकांना 'बर्डी म्हणजे काय' असे मेसेज पाठवत होता. जागतिक क्रमवारीत दोनशेच्या आसपास असलेली मुलगी चौथी आली; पदक एका फटक्यानं हुकलं. संध्याकाळी नीरज चोप्राचा भाला गेला आणि सकाळचं सगळे विसरले, ते साहजिकच होतं.

एक गोष्ट मात्र त्या दिवशी फारशी कोणी सांगितली नाही. ती ज्या मैदानावर खेळली तो कासुमिगासेकी कंट्री क्लब बायकांना पूर्ण सभासद करून घेत नव्हता आणि रविवारी त्यांना खेळूही देत नव्हता. ऑलिंपिक समितीचं दडपण आलं, टोकियोच्या गव्हर्नर युरिको कोइके यांनी जाहीर नाराजी बोलून दाखवली, तेव्हा कुठे मार्च २०१७ मध्ये नियम बदलला. म्हणजे पाच वर्षं आधी अदितीला तिथे पूर्ण सभासदत्वाचा अर्जही करता आला नसता.

मुंबईला परत आले आणि नकाशा काढून बसले. मुंबईला गोल्फचं वावडं आहे असं मुळीच नाही. १८२९ ला कलकत्त्यात क्लब निघाला आणि १८४२ ला मुंबईत; ब्रिटनबाहेरच्या सर्वांत जुन्या क्लबांत या दोघांची गणना होते. तो मुंबईचा रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब पुढे नामशेष झाला. १९१८ मध्ये लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकारानं विलिंग्डन क्लब झाला, हिंदी आणि गोरे दोघांनाही खुला, आणि त्या काळात ही मोठीच गोष्ट होती. कुलाब्याला समुद्राच्या काठावर फौजेच्या लोकांचा यू. एस. क्लब आहे. आणि उपनगरांत, आमच्या बाजूला, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब, १९२७ चा. दहिसरपासून मुलुंडपर्यंत एवढ्या मोठ्या उपनगरांत अठरा होलचं मैदान हे एकच. घाटकोपरहून रिक्षानं निघालात तर अमर महालचा गुंता सुटायलाच जास्त वेळ लागतो. एकीकडे चेंबूर कॅम्प, दुसरीकडे पूर्वी जिथे आर. के. स्टुडिओ होता तो रस्ता, लांबवर माहुलकडची धुरांडी, आणि मध्ये ही हिरवी चादर. महिलांच्या व्यावसायिक टूरचे सामनेही इथे झालेत. पण हे सगळे सभासदांचे क्लब. आत जायचं तर सभासदाचं बोट धरून. माझ्या ओळखीत एकही बोट नव्हतं. अंधेरी-बोरिवलीच्या मैत्रिणींना विचारलं, तर एकीच्या साहेबांच्या साहेबांकडे सभासदत्व निघालं. तिथपर्यंत शब्द टाकायला मला लाज वाटली.

तेव्हा कोणीतरी सुचवलं, सेमी-प्रायव्हेट बघ. हा प्रकार आपल्याकडे कमी ऐकलेला, म्हणून सांगते. मालकी आणि मान सभासदांचा, पण मैदान पोसायला नुसती वर्गणी पुरत नाही. गवत रोज कापावं लागतं, पाणी लागतं, माळ्यांची फौज लागते. म्हणून रिकाम्या वेळा बाहेरच्यांना विकतात. शनिवार-रविवारची सकाळ सभासदांची, मंगळवारची दुपार तुमची. ग्रीन फी, म्हणजे खेळायचे पैसे, भरायची, बॅग वाहणाऱ्या कॅडीचे पैसे वेगळे, कॉलरचा शर्ट घालायचा, जीन्स नाही, बुटांना लोखंडी खिळे नाहीत. लग्नाच्या हॉलसारखंच आहे म्हणा ना, मुहूर्त सोडून बाकीचे दिवस स्वस्त. व्यवहार म्हणून मला तो पटला. घाटापलीकडच्या अशा एका कोर्सवर फोन लावला. नाव सांगत नाही. त्या जागेचं नाव महत्त्वाचं नाही आणि गवत फार छान होतं.

"टी-टाइम हवा होता, बुधवारचा."

"कोणाच्या नावावर, मॅडम?"

मी माझं नाव सांगितलं.

"नाही, मेंबर कोण?"

"मेंबर नाही. व्हिजिटर."

"ओके. सरांचा हँडिकॅप?"

"सर नाहीत. माझा छत्तीस."

"होल्ड करा हं."

होल्डवर सनई होती. गोल्फ क्लबच्या फोनवर सनई का, हे तिथे गेल्यावर कळलं. लॉनवर लग्नं लागतात.

बुधवारी पोचले तर काउंटरवरच्या मुलानं रजिस्टर ओढलं आणि माझ्या नावाआधी आपणहून 'मिसेस' घातलं. पुढचा रकाना 'पाहुणे कोणाचे' असा होता, त्यात त्यानं आडवी रेघ मारली. मुलगा वाईट नव्हता. पाणी विचारलं, पार्किंग विचारलं, ड्रायव्हरच्या जेवणाचंही विचारलं. मी एस.टी. आणि रिक्षा करून आले होते, ही गोष्ट त्याला शेवटपर्यंत पटली नाही. लेडीज चेंजिंग रूमला कुलूप होतं. किल्ली हाउसकीपिंगकडे आणि हाउसकीपिंग जेवायला. वीस मिनिटांनी दार उघडलं तर आत मांडवाच्या सोनेरी खुर्च्या, एकावर एक, पार छताला टेकलेल्या. त्यांच्या आडोशाला उभं राहून मी बूट बदलले. स्त्रिया इथे येतच नाहीत, असं कोणी म्हटलं तर मी त्या खुर्च्यांकडे बोट दाखवीन. येत नाहीत म्हणून खुर्च्या ठेवल्या, की खुर्च्या ठेवल्या म्हणून येत नाहीत?

मला तिघा पुरुषांबरोबर जोडून दिलं. पुण्याचे आयटीवाले, तिशी-पस्तिशीतले, सौजन्यमूर्ती. आता जे घडलं ते गोल्फ न खेळणाऱ्यांना समजावं म्हणून थोडं थांबून सांगते. प्रत्येक होलला सुरुवात करायच्या जागा, म्हणजे टी, तीन-चार असतात. निळी मागे, मग पांढरी आणि सगळ्यांत पुढे लाल. लाल टीला पिढ्यान् पिढ्या 'लेडीज टी' म्हणत आलेत. हल्ली जाणती मंडळी 'फॉरवर्ड टी' म्हणतात, कारण नियमात बाईमाणूस-बुवामाणूस असं काही नाही. ज्याचा बॉल जितका जातो त्यानं तिथून मारावं. त्या कोर्सवरची पांढरी टी म्हणजे विठोबाचा गाभारा. गवत कातरलेलं, बाक, कचऱ्याचा डबा, बॉल धुवायचं यंत्र. लाल टी तिथून साठ पावलं पुढे, कण्हेरीच्या झाडामागे, एका बाजूला कललेली.

तिघांनी पांढऱ्यावरून मारलं, एकमेकांना 'शॉट, शॉट' म्हटलं आणि बॅगा घेऊन चालू लागले. लाल टी ओलांडून गेले. मी तिथे उभी राहून बॉल ठेवते आहे आणि माझ्या नेमक्या समोर, चाळीस यार्डांवर, तीन पाठी. असा प्रकार पहिल्या होलला झाला, दुसऱ्याला झाला. तिसऱ्याला माझ्या कॅडीनं हाक मारली, "सर! मॅडम मारायच्यात!" सगळे ओशाळले, माफी मागितली. सहाव्याला पुन्हा तेच. दुष्टपणा यात काडीचा नाही. त्यांच्या लेखी होल पांढऱ्यापासून सुरू होत होता, एवढंच.

आणि गंमत अशी, की बायकांना पुरुषांच्या बरोबरीनं खेळवायची सोय गोल्फइतकी कुठल्याच खेळानं केलेली नाही. टेनिसमध्ये मी त्या तिघांतल्या कोणाहीसमोर दहा मिनिटं टिकले नसते. गोल्फमध्ये हँडिकॅप आहे. मी किती वाईट खेळते याचा तो अधिकृत आकडा. २०२० पासून जगभर एकच पद्धत आली आणि वरची मर्यादा बायका-पुरुष दोघांनाही ५४ झाली. त्याआधी अमेरिकी पद्धतीत ती पुरुषांना ३६.४ आणि बायकांना ४०.४ होती. प्रत्येक टीची अवघडपणाची मोजणीही बायकांसाठी वेगळी करतात. त्या दिवशी हिशोबानं मला छत्तीस फटके मिळाले, अठरा होल, म्हणजे दर होलला दोन. चार फटक्यांच्या होलवर मी सहा मारले तरी माझी बरोबरी. तिघांतल्या सगळ्यात चांगल्या खेळणाऱ्याला अकरा मिळाले. तो ८४ मध्ये आला, वजा अकरा, ७३. मी १०६ मध्ये आले, वजा छत्तीस, ७०. मी जिंकले. त्यानं कार्ड दोनदा तपासलं, मग हसून कॉफी पाजली. गणित इतकं सरळ आहे. बावन्न वर्षांची मुलुंडची बाई आणि तिशीतला जिमवाला एका कार्डावर, कोणी कोणावर उपकार न करता. ज्यांनी खेळाचे नियम लिहिले त्यांनी हे केलं. ज्यांनी क्लबांची फाटकं बांधली त्यांनी ते वाया घालवलं.

फाटकांचा इतिहास स्कॉटलंडपासूनचा आहे. सेंट अँड्र्यूजला १८६७ मध्ये बायकांचा क्लब निघाला, पण तो फक्त पटिंगचा, म्हणजे बॉल हलक्या हातानं भोकात ढकलायचा. त्या उंचसखल हिरवळीचं नाव 'हिमालय', आजही. लांबचा फटका का नाही? १८९० च्या एका पुस्तकात लॉर्ड वेलवुड यांनी सांगून ठेवलंय की बायकांनी सत्तर-ऐंशी यार्डांपलीकडे मारू नये, कारण त्यासाठी काठी खांद्यावर न्यावी लागते आणि ते त्यांच्या पोशाखाला आणि रीतीला शोभत नाही. आपल्याकडे पदर खांद्यावरून सरकायच्या भीतीनं काय काय अडवलं गेलं ते आठवा, म्हणजे साहेबाचं फार परकं वाटणार नाही. तीनच वर्षांनी, १८९३ मध्ये, ब्रिटनमधल्या बायकांनी आपली वेगळी संघटना काढली आणि स्पर्धाही सुरू केली. हँडिकॅपचा एकसारखा, काटेकोर हिशोब पुढे याच संघटनेनं बसवून दाखवला. गोल्फ हा शब्द 'फक्त पुरुषांसाठी, बायकांना बंदी' अशा इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून आला, असं व्हॉट्सअॅपवर फिरतं. ते साफ खोटं आहे. शब्द त्याहून कितीतरी जुना. पण थाप टिकली, कारण बघणाऱ्यांना ती खरी वाटण्यासारखीच होती. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलनं पहिल्या दोन स्त्रिया सभासद केल्या २०१२ मध्ये. सेंट अँड्र्यूजच्या मूळ क्लबानं, १७५४ च्या त्या आद्य पीठानं, बायकांना घ्यायचं ठरवलं ते २०१४ मध्ये. म्युअरफिल्डच्या सभासदांनी २०१६ ला नाही म्हटलं, ब्रिटिश ओपनचं यजमानपद जातंय असं दिसल्यावर पुढच्याच वर्षी हो म्हटलं, आणि २०२२ मध्ये तिथेच महिलांची ओपन झाली. तत्त्वानं जे हललं नाही ते यजमानपदानं हललं.

हे सगळं लांबचं. मला जे सांगायचंय ते कॅडीमुळे सुचलं.

तो जवळच्याच गावचा, चाळिशीचा. नवव्या होलनंतर 'मॅडम'वरून 'ताई'वर आला होता. बॉल कुठे पडला ते माझ्या आधी त्याला दिसायचं. ग्रीनवर उकिडवा बसून डोळा बारीक करायचा आणि म्हणायचा, "ताई, दिसतंय सरळ, पण वताडाकडं वढतंय, दोन बोटं डाव्या अंगाला धरा." दोन बोटं धरली की जायचा. मी विचारलं, तुम्ही खेळता का? सोमवारी मैदान बंद असतं तेव्हा खेळतो म्हणाला. पोरगं सातवीत, सुट्टीत हरवलेले बॉल गोळा करायला येतं, त्याचा हात बसलाय, मोठे साहेब म्हणाले याला काहीतरी करू. आणि मुलगी? "ती धाकट्यापेक्षा तरबेज आहे ओ. घरामागं मारती. पण तिला इथं कशी आणू?"

कशी आणणार, खरंच. गोल्फला आपल्याकडे दोन दारं आहेत. पुढचं दार सभासदांचं. तिथून मुलगा येतो, मुलगीही येते, वडिलांच्या नावावर. मागचं दार कॅडीचं, माळ्याचं. या मागच्या दारातून भारतीय गोल्फचा निम्मा इतिहास आत आला आहे. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक गोल्फर अली शेर दिल्लीच्या क्लबात कॅडी होता. एस.एस.पी. चौरसियाचे वडील कलकत्त्याच्या क्लबात माळीकाम करायचे. पोरानं २००८ मध्ये इंडियन मास्टर्स जिंकलं. आमच्या चेंबूरला तर कॅडींच्या पोरांनी स्वतःचाच खेळ काढला. लोखंडी सळई वाकवून काठी करायची, प्लॅस्टिकचा बॉल घ्यायचा आणि पत्र्यांवरून, गटारांवरून, दोऱ्यांवरच्या कपड्यांखालून मारायचा. त्याला 'स्लम गोल्फ' नाव पडलं, परदेशी कॅमेरे येऊन गेले. २०१६ मध्ये नवाजुद्दीनचा 'फ्रीकी अली' हा सिनेमा आला, तोही मुंबईच्या वस्तीतला गोल्फरच. अली आहे, अलिया नाही. मागच्या दारातून आलेली मुलगी शोधावी लागते, कारण पहाटे पाचला कॅडीच्या शेडमध्ये नंबर लावायला मुलीला कोणी पाठवत नाही. थायलंडला जाऊन आलेले गोल्फर सांगतील, तिकडे कॅडी बहुतेक बायकाच. इथे तीच बाई मैदानात दिसते, पण खुरपं घेऊन.

तिसरी एक वाट फौजेची आहे. छावण्यांत गोल्फची मैदानं असतात आणि तिथे मेजरची मुलगी, कर्नलची मुलगी सहज पोचते. दीक्षा डागर तशीच आली; ऐकू न येणारी ही मुलगी डेफलिंपिक्सचं सुवर्ण घेऊन आली आणि टोकियोचं ऑलिंपिकही खेळली. तिचं कर्तृत्व तिचंच. तरी वाट बापाच्या गणवेशातून गेली हेही खरं.

म्हणून मला सेमी-प्रायव्हेटच्या त्या अर्ध्या उघड्या दाराचं महत्त्व वाटतं. पैसे भरा आणि आत या, असं म्हणणारं दार पुरुषाला सोयीचं असतं. बाईला मात्र बहुधा ते एकच असतं. तिथेही 'कोणाच्या नावावर' विचारलं, की तेही बंद झालं.

खारघरला ते विचारत नाहीत. पांडवकड्याच्या डोंगराखाली सिडकोनं २०१२ मध्ये मैदान सुरू केलं, सेंट्रल पार्कला लागून. सुरुवातीला होल अकराच होते, आणि दर्दी लोक नाकं मुरडायचे. मी बॅग घेऊन गेले तेव्हा काउंटरवर तीन गोष्टी विचारल्या: नाव, आधी खेळलात का, कॅडी हवा का. पावती फाडली. झालं. खारघर स्टेशनवरून रिक्षा मिळते. नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूरहून मेट्रोही आहे, सेंट्रल पार्क नावाचं स्टेशनच आहे. पावसाळ्यात समोरच्या कड्यावरून पाणी कोसळत असतं आणि फेअरवेवर बॉल पडला तिथेच रुततो. मे महिन्यात अकरानंतर खेळणं हा शुद्ध वेडेपणा, मी केलाय. एका रविवारी तिथे एक आजोबा नातीला घेऊन आले होते. नातीनं क्रॉक्स घातले होते, मार्शलनं हटकलं, मग स्वतःच सांगितलं की पटिंग ग्रीनवर अनवाणी चालेल. ती तासभर अनवाणी पटिंग करत होती. सेंट अँड्र्यूजच्या हिमालयापेक्षा मला ते दृश्य बरं वाटलं.

आता दुसरी बाजू न सांगितली तर अप्रामाणिकपणा होईल. ज्या शहरात पोरांना क्रिकेटचा स्टंप रोवायला जागा नाही, तिथे पन्नास माणसांसाठी एवढी हिरवळ आणि एवढं पाणी? हा प्रश्न माझी बहीण दर दिवाळीला फराळाच्या ताटावर विचारते आणि माझ्याकडे पुरतं उत्तर नसतं. माझं म्हणणं एवढंच, की जमीन सार्वजनिक असेल, किंवा सरकारी भाडेपट्ट्यावर असेल, तर दार उघडं ठेवण्याची अट तिच्यावर हवी. आठवड्यातून दोन सकाळी बाहेरच्यांना. शाळांतल्या मुलींसाठी एक. चेंजिंग रूममध्ये खुर्च्या नकोत. यात क्रांती काही नाही. सिडकोसारख्या सरकारी महामंडळाला जमलं ते जमीनदारांना जमावं.

ज्या वाचक-भगिनींना या हिवाळ्यात जाऊन बघावंसं वाटेल त्यांच्यासाठी थोडं कामाचं. सेट विकत घेऊ नका. भाड्यानं अर्धा सेट पुरतो, चौदा काठ्यांची परवानगी असली तरी पहिली दोन वर्षं पाचच्या वर लागत नाहीत. कॉलर असलेला साधा टी-शर्ट, सुती पँट, खेळाचे बूट. पाण्याची बाटली आणि टोपी. शनिवार-रविवार टाळा. हँडिकॅप नसेल तर आधी रेंजवर बादलीभर बॉल मारा, लाजायचं कारण नाही, तिथे सगळेच जाळीत मारतात. लाल टीवर उभ्या राहाल तेव्हा पुढे चाललेल्यांना मोठ्यानं हाक मारा. फोनवर नाव विचारलं की स्वतःचं सांगा आणि पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच सांगा. आणि लेडीज डब्यात बॅग आडवी टाकू नका. उभी धरा, दाराच्या डाव्या कोपऱ्यात, म्हणजे ठाण्याला चढणाऱ्यांना अडचण होत नाही.